इलेक्ट्रोलेस निकेलचा बाथ बिघडला की आधी काय तपासायचं, मग काय घालायचं

इलेक्ट्रोलेस निकेल म्हणजे विजेशिवाय, रसायनांच्या क्रियेने निकेल चढवणं, त्यामुळे त्याच्या टाकीला (म्हणजे बाथला) वीज पुरवणारा रेक्टिफायर नसतो. साध्या निकेल प्लेटिंगमध्ये काही चुकतंय असं दिसलं, तर करंट बंद करता येतो आणि निकेल चढणं तिथेच थांबतं. इथे असं बटण नाही. निकेलच्या आयनांना धातूत बदलणारे इलेक्ट्रॉन द्रावणातल्याच सोडियम हायपोफॉस्फाइटकडून येतात, आणि निकेल व हायपोफॉस्फाइट दोघंही एकाच टाकीत ८८ अंशांवर एकत्र असतात. त्यांची क्रिया फक्त जॉबच्या, म्हणजे निकेल चढवायच्या वस्तूच्या, पृष्ठभागावर व्हावी. टाकीच्या भिंतीवर, हीटरवर किंवा पाण्यात तरंगणाऱ्या कणावर होऊ नये, यासाठी सगळी मेहनत असते.

म्हणून तक्रार कुठलीही असो, आधी एकच गोष्ट ठरवायची. बाथ सुस्त झालाय, बाथ उतावीळ झालाय, की बाथ ठीक आहे आणि जॉबच नीट साफ झालेला नाही? या तिसऱ्या शक्यतेकडे शॉपमध्ये सगळ्यात उशिरा लक्ष जातं, आणि बऱ्याच वेळा दोष तिथेच असतो. कॅन उघडून काहीतरी ओतणं सोपं असतं, पण ओतलेलं परत काढता येत नाही.

इथले आकडे सर्वाधिक चालणाऱ्या मिड-फॉस ऍसिड बाथचे आहेत, म्हणजे ज्याच्या कोटिंगमध्ये साधारण ६ ते ९ टक्के फॉस्फरस असतो. तयार केमिकल वापरत असाल तर सप्लायरच्या डेटा शीटमधला आकडा अंतिम मानायचा.

टाकीत काय काय असतं

एक लिटर बाथमध्ये साधारण २७ ग्रॅम निकेल सल्फेट असतं. त्यातून ६ ग्रॅम निकेल धातू मिळतो. सोडियम हायपोफॉस्फाइट २५ ते ३० ग्रॅम. त्यासोबत लॅक्टिक, सायट्रिक किंवा मॅलिक ऍसिडसारखा कॉम्प्लेक्सिंग एजंट असतो. तो निकेलला धरून ठेवतो, म्हणजे निकेल गाळ होऊन खाली बसत नाही, आणि पीएचही फार हलू देत नाही. शेवटचा घटक स्टॅबिलायझर. पूर्वी यासाठी शिसं सर्रास वापरत. आता रोह्सच्या (घातक पदार्थांवर मर्यादा घालणाऱ्या युरोपीय) नियमांमुळे बिस्मथ, अँटिमनी किंवा गंधकाची संयुगं वापरतात. त्याचं प्रमाण पीपीएममध्ये (दहा लाखात एक भाग या हिशोबात) असतं. २०० लिटरच्या टाकीत १ पीपीएम म्हणजे एक पंचमांश ग्रॅम. एवढ्याशा पदार्थावर अख्खी टाकी तगून असते. तो कमी पडला तर बाथ फुटतो, म्हणजे निकेल टाकीभर आपोआप सुटू लागतं, आणि जास्त झाला तर प्लेटिंगच थांबतं. पीएच ४.६ ते ५.०, तापमान ८६ ते ९० अंश, आणि तासाला १५ ते २० मायक्रॉन चढावं, ही तब्येतीत असलेल्या बाथची खूण.

ही प्रक्रिया वापरात आली ती १९४६ साली, अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये. ॲबनर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल नळ्यांच्या आतून विजेवर प्लेटिंग करत होते. बाथमध्ये हायपोफॉस्फाइट घातल्यावर करंटच्या हिशोबाने जेवढं निकेल चढायला हवं, त्यापेक्षा जास्त चढलं. जास्तीचं निकेल विजेशिवाय चढत होतं.

हायपोफॉस्फाइट मात्र सगळं कामाला येत नाही. त्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग निकेल चढवतो, बाकीचा हायड्रोजनच्या बुडबुड्यांत जातो. म्हणून १ ग्रॅम निकेलमागे सुमारे ५ ग्रॅम हायपोफॉस्फाइट खर्च होतं. शिवाय ऍसिड तयार होतं, त्यामुळे पीएच सतत खाली येतो, आणि ऑर्थोफॉस्फाइट नावाचा कचरा बाथमध्येच साठत राहतो. तो फिल्टरने निघत नाही.

निकेल किती वेगाने संपतं

याचा अंदाज नसल्यामुळे बरेच बाथ अर्धपोटी चालतात. २०० लिटरची टाकी घेऊ. लिटरमागे १ चौरस डेसिमीटर लोडिंग (टाकीत लटकलेल्या जॉबचं क्षेत्रफळ), म्हणजे एकूण २ चौरस मीटर जॉब, आणि १२ मायक्रॉन कोटिंग हवंय. कोटिंगची घनता ८ धरली तर १९२ ग्रॅम कोटिंग चढतं. त्यातलं निकेल सुमारे १७७ ग्रॅम. टाकीत एकूण निकेल १२०० ग्रॅम. म्हणजे पाऊण तासाच्या एका बॅचमध्ये जवळपास १५ टक्के निकेल गेलं. निकेल १० टक्क्यांहून जास्त उतरू द्यायचं नाही, हा चांगला नियम आहे, आणि इथे तेवढं निकेल अर्ध्या तासातच उतरतं. दिवसातून एकदा संध्याकाळी टायट्रेशन (थेंबाथेंबाने रसायन घालून प्रमाण मोजणं) करून डोस देणाऱ्या शॉपमध्ये सकाळच्या आणि दुपारच्या जॉबची जाडी का जुळत नाही, याचं उत्तर या गणितात आहे. लोडिंगप्रमाणे दर २०-३० मिनिटांनी थोडं थोडं द्यावं, किंवा डोसिंग पंप बसवावा. लोडिंग लिटरमागे अर्ध्या ते अडीच चौरस डेसिमीटरच्या मध्ये ठेवलं की बाथ सुरळीत चालतो.

टायट्रेशन

सॅम्पल घेण्याआधी डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने लेव्हल खुणेपर्यंत भरायची आणि दहा मिनिटं सर्क्युलेशन चालू ठेवायचं. ८८ अंशांवर पाणी भराभर उडतं. लेव्हल खाली असताना घेतलेल्या सॅम्पलमध्ये निकेल जास्त दिसतं आणि डोस कमी पडतो. सॅम्पल खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिपेट लावायचं.

निकेलसाठी १० मिली बाथ, साधारण १०० मिली डीएम पाणी, १५ ते २० मिली अमोनिया आणि चिमूटभर म्युरेक्साइड (रंग बदलून शेवट दाखवणारा सूचक) घ्यायचं. ०.१ मोलर ईडीटीएने टायट्रेट करायचं. रंग पिवळसर तपकिरीवरून स्वच्छ जांभळा झाला की थांबायचं. जेवढे मिली लागले त्याला ०.५८७ ने गुणलं की लिटरमागे निकेलचे ग्रॅम मिळतात. ६ ग्रॅमच्या बाथला १०.२ मिली लागतात. शेवटचा रंग गढूळ येत असेल तर बहुतेक वेळा अमोनिया कमी पडलेला असतो.

हायपोफॉस्फाइटसाठी २ मिली बाथ, २५ मिली ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ऍसिड आणि २५ मिली ०.१ नॉर्मल आयोडीन बुचाच्या फ्लास्कमध्ये घेऊन अर्धा तास अंधारात ठेवायचं. मग ०.१ नॉर्मल थायोसल्फेटने उरलेलं आयोडीन मोजायचं. रंग फिका पिवळा झाल्यावर स्टार्च घालायचा. २५ मधून थायोसल्फेटचे मिली वजा करून २.६५ ने गुणायचं. अर्धा तास थांबायचा कंटाळा केला तर आकडा हमखास कमी येतो आणि हायपोफॉस्फाइट गरजेपेक्षा जास्त पडतं. जास्त हायपोफॉस्फाइटने बाथ उतावीळ होतो.

पीएच मीटरनेच मोजावा, तोही सॅम्पल थंड करून. जुन्या बाथमध्ये क्षार इतके असतात की पट्टीवर विसंबता येत नाही.

बाथ सुस्त झाला तर

पहिला संशय तापमानावर घ्यायचा. कंट्रोलरच्या आकड्यावर थांबू नका, जॉब जिथे लटकतो तिथे वेगळा थर्मामीटर लावा. तापमान १० अंश उतरलं की वेग जवळपास निम्मा होतो, म्हणजे सेन्सर ४ अंश चुकला तरी जाडी मार खाते. मग पीएच, मग निकेल, मग हायपोफॉस्फाइट. हे चारही जागेवर असूनही वेग कमी असेल, तर स्टॅबिलायझर जास्त झालाय, बाहेरचा धातू आलाय किंवा बाथ म्हातारा झालाय.

जास्त स्टॅबिलायझरची खूण स्पष्ट असते. जॉबच्या सपाट भागावर कोटिंग छान, पण कडांवर, भोकांच्या काठांवर आणि थ्रेडच्या टोकांवर पातळ किंवा गायब. कडेपर्यंत द्रावण सगळीकडून पोचतं, त्यामुळे तिथे स्टॅबिलायझरचाही मारा जास्त होतो. लोडिंग सतत कमी ठेवलं तर तो वापरला जात नाही आणि साठतो. एअर ऍजिटेशन फार जोरात असेल तरीही असंच दिसतं, कारण हवेतला ऑक्सिजनही प्लेटिंगला अडवतो. म्हणून आधी हवा कमी करून बघा, त्याला खर्च नाही. फरक पडला नाही तर एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) स्वच्छ पन्हाळी पत्र्याची डमी, म्हणजे जॉबऐवजीचा तुकडा, तासभर किंवा जास्त चालवा. डमीवर कडा भरू लागल्या की बाथ सुधारतोय असं समजायचं.

हीच लक्षणं शिसं, कॅडमियम किंवा झिंकच्या ड्रॅग-इनमुळेही, म्हणजे ते जॉबबरोबर बाथमध्ये आल्यानेही, येतात. शिसं लेडेड ब्रास आणि लेडेड फ्री-कटिंग स्टीलमधून येतं. झिंक ॲल्युमिनियमच्या झिंकेटमधून (निकेलआधी ॲल्युमिनियमवर दिलेल्या झिंकच्या पातळ थरातून) प्रत्येक बॅचबरोबर थोडं थोडं येतं, म्हणून ॲल्युमिनियमचा बाथ स्टीलच्या बाथपेक्षा लवकर टाकावा लागतो. स्टील आणि ॲल्युमिनियम एकाच टाकीत चालवू नये, हे माझं ठाम मत आहे. दोन छोट्या टाक्या परवडतात.

नायट्रेटचं प्रकरण वेगळं. टाकी नायट्रिकने साफ केली आणि धुणं अपुरं राहिलं, की नवा कोरा बाथ पहिल्याच दिवशी मंद पडतो, कोटिंग काळपट येतं. नायट्रिक काढल्यावर टाकी, पंप, फिल्टर हाउसिंग आणि पाइप पाण्याने धुवायचे, मग पातळ अमोनिया फिरवायचा, मग पुन्हा डीएम पाणी. शेवटच्या पाण्यात नायट्रेटची पट्टी बुडवून बघायची. पंप आणि फिल्टर हाउसिंग लोक विसरतात आणि नायट्रेट तिथूनच येतं.

नेमकं कारण सापडत नसेल तर बीकर टेस्ट करा. तीन बीकरमध्ये एकेक लिटर बाथ घ्या आणि वॉटर बाथवर ८८ अंशांवर ठेवा. एक तसाच, दुसऱ्यात फक्त पीएच ०.२ ने वाढवलेला, तिसऱ्यात अर्धा बाथ आणि अर्धं नवं द्रावण. तिन्हींत १० बाय ५ सेंटिमीटरची साफ केलेली एमएसची पट्टी १५ मिनिटं ठेवा, आधी-नंतर वजन करा. दोन्ही बाजू मिळून १०० चौरस सेंटिमीटर होतात. ०.३२ ग्रॅम वजन वाढलं तर ४ मायक्रॉन, म्हणजे तासाला १६. एका बीकरमध्ये एकच बदल करायचा. दोन बदल एकत्र केले तर कशाने काम झालं ते कळत नाही.

बाथ उतावीळ झाला तर

फेस नेहमी जॉबवरून यावा. तो टाकीच्या तळाकडून किंवा हीटरवरून येऊ लागला, भिंतीवर करडी चकाकी दिसली, तळाशी काळी पूड दिसली, तर बाथ फुटायला लागलाय. त्या वेळी ॲनालिसिस करत बसायचं नाही. हीटर बंद, जॉब बाहेर, थंड पाण्याची कॉइल चालू. पातळ सल्फ्युरिक ऍसिड हळूहळू घालून पीएच ४ च्या आसपास आणायचा, तापमान ६० च्या खाली. मग १ मायक्रॉनच्या बॅगेतून बाथ दुसऱ्या स्वच्छ टाकीत काढायचा. या वेळात भरपूर हायड्रोजन सुटतो. एक्झॉस्ट चालू राहिला पाहिजे आणि जवळपास वेल्डिंग किंवा ठिणगी नको.

टाकीवर चढलेलं निकेल काढायला रिकामी टाकी पूर्ण धुतल्यावरच नायट्रिक भरायचं. उरलेल्या बाथवर किंवा निकेलच्या काळ्या गाळावर नायट्रिक ओतलं तर तपकिरी विषारी धूर निघतो आणि क्रिया आवरत नाही.

कारणं साधी असतात. पीएच वाढवायचा अमोनिया पातळ न करता एकाच जागी ओतला. डोस देताना निकेल आणि हायपोफॉस्फाइटचे कॉन्सन्ट्रेट एकत्र ओतले. हीटरचा पृष्ठभाग बाथपेक्षा खूप गरम होता, कारण कमी जागेत जास्त वॅटचा हीटर बसवलाय. लोडिंग एकदम वाढलं. किंवा प्लास्टिक प्लेटिंगच्या लाइनमधून पॅलेडियम वाहत आलं. पॅलेडियमचा सूक्ष्म कणही दुधात पडलेल्या विरजणासारखा काम करतो: त्याच्यावर निकेल चढतं, त्या निकेलवर आणखी चढतं, आणि बघता बघता अख्खी टाकी धरते.

अमोनिया डीएम पाण्यात निम्म्याने पातळ करून, सर्क्युलेशनचं पाणी पडतं तिथे, बारीक धारेने द्यायचा. निकेलचा डोस आणि हायपोफॉस्फाइटचा डोस वेगवेगळ्या जागी, मध्ये काही मिनिटं जाऊ देऊन. सर्क्युलेशन पंप तासाला टाकीच्या दहापट द्रावण फिरवेल असा हवा. काम संपल्यावर बाथ ६५ अंशांच्या खाली आणून झाकून ठेवायचा. रात्रभर जॉबशिवाय ८८ वर ठेवलेला बाथ सकाळी टाकीवर प्लेटिंग करून बसलेला असतो.

कोटिंग सोलतंय, फोड येतात

इथे बाथला हात लावू नका. जॉब वेगवेगळ्या धातूंचे असतील तर कुठल्या धातूवर सोलतंय ते बघा. फक्त एकाच प्रकारच्या जॉबवर सोलत असेल तर दोष प्रीट्रीटमेंटचा.

प्रेशर डायकास्ट ॲल्युमिनियमवर जास्त लिहायला हवं, कारण पुण्याच्या ऑटो लाइनमध्ये एडीसी-१२ चे जॉब भरपूर असतात. या मिश्रधातूत १० ते १२ टक्के सिलिकॉन असतो. एच केल्यावर (रसायनाने पृष्ठभाग किंचित खाल्ल्यावर) पृष्ठभागावर काळा थर राहतो आणि तो नुसत्या नायट्रिकने जात नाही, कारण नायट्रिक सिलिकॉन विरघळवत नाही. त्यात अमोनियम बायफ्लोराइड लागतं. ऍसिडमध्ये त्याचं हायड्रोफ्लोरिक ऍसिड होतं, ते त्वचेतून खोलवर जातं. म्हणून लांब ग्लोव्ह, फेस शील्ड आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल असल्याशिवाय ती टाकी चालवू नये. थर गेल्यावर पहिलं झिंकेट ३० ते ६० सेकंद, मग निम्म्याने पातळ केलेल्या नायट्रिकमध्ये ते काढायचं, मग दुसरं झिंकेट १५ ते ३० सेकंद. दुसऱ्या झिंकेटनंतर जॉब एकसारखा निळसर करडा दिसला पाहिजे. चट्टे दिसले किंवा थर जाड आणि खरखरीत आला, तर तो जॉब पुढे पाठवू नका, तिथूनच फोड येणार. दोन टाक्यांच्या मधली प्रत्येक रिन्स महत्त्वाची, आणि झिंकेटमधून निकेलपर्यंत जॉब वाळता कामा नये.

माइल्ड स्टीलला गरम अल्कलाइन सोक, ॲनोडिक इलेक्ट्रोक्लीन आणि हायड्रोक्लोरिकचा छोटा डिप पुरतो. रिन्समधून काढल्यावर पाण्याची सलग फिल्म राहिली पाहिजे. पाणी कुठे फाटत असेल तर तेल बाकी आहे. स्टेनलेसला वूड्स निकेल स्ट्राइक (पकड येण्यासाठी विजेवर दिलेला पातळ पहिला थर) लागतो: लिटरमागे २४० ग्रॅम निकेल क्लोराइड आणि सुमारे १२० मिली हायड्रोक्लोरिक, खोलीच्या तापमानाला, २ ते ५ मिनिटं. पितळ आणि तांब्यावर निकेल आपणहून सुरू होत नाही. बाथमध्येच स्वच्छ स्टीलच्या तारेने काही सेकंद टेकवलं की सुरू होतं. लेडेड ब्रासला आधी कॉपर किंवा निकेलचा स्ट्राइक द्यायचा, म्हणजे शिसं झाकलं जातं.

खरखर, खड्डे, गढूळपणा

खरखर म्हणजे बाथमध्ये कण आहेत. फिल्टर बॅग १ ते ५ मायक्रॉनची हवी आणि नवी बॅग गरम डीएम पाण्याने धुऊनच लावायची. बोअरचं पाणी टाकीत घालत असाल तर त्यातलं कॅल्शियम फॉस्फाइटबरोबर मिळून बारीक गाळ करतं. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे, त्यामुळे निदान टॉप-अप आणि शेवटची रिन्स डीएमनेच करायची. बारीक खड्डे हायड्रोजनचे बुडबुडे जॉबवर चिकटल्याने येतात. जॉबचा सपाट भाग उभा लटकवला आणि जिग थोडी हलती ठेवली की बरेचसे जातात. ब्लोअर तेलविरहित हवा. कॉम्प्रेसरच्या हवेतलं तेल खड्डेही देतं आणि पकडही घालवतं.

बाथ पांढुरका गढूळ झाला तर निकेल फॉस्फाइट सुटतंय: पीएच जास्त आहे, किंवा बाथ म्हातारा आहे. पीएच ०.२-०.३ ने उतरवून बघा. साफ झाला तर काही दिवस निघतील.

बाथचं वय

टाकीतलं मूळ निकेल जितकं होतं तितकं डोसमधून दिलं की एक मेटल टर्नओव्हर झाला. २०० लिटरसाठी १२०० ग्रॅम. प्रत्येक टर्नओव्हरला लिटरमागे सुमारे २५ ते ३० ग्रॅम ऑर्थोफॉस्फाइट साठतं. वय वाढलं की वेग उतरतो आणि कोटिंगमधला अंतर्गत ताण बदलतो. बाथ म्हातारा होतो तसं कोटिंग अधिकाधिक ताणलेलं होतं आणि गंजरोधकपणा घटतो. पीएच हळूहळू वाढवून वेग टिकवता येतो, ताण मात्र टिकवता येत नाही. म्हणून गंजरोधक जॉब पहिल्या ३-४ टर्नओव्हरमध्ये आणि साधे जॉब नंतर, अशी वाटणी करावी. ६ ते ८ टर्नओव्हरच्या पुढे बाथ ताणला तर रिजेक्शनमध्ये गेलेला पैसा नव्या मेकअपच्या (नवा बाथ भरण्याच्या) खर्चापेक्षा जास्त होतो. वहीत रोज लेव्हल, तापमान, पीएच, निकेल, हायपोफॉस्फाइट, दिलेला डोस आणि टर्नओव्हर एवढे सात रकाने असले तरी पुरतं.

टाकायचा बाथ ईटीपीमध्ये (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत) सरळ सोडू नका. कॉम्प्लेक्सिंग एजंट निकेलला धरून ठेवतो, त्यामुळे नुसत्या चुन्याने ते खाली बसत नाही, आणि सांडपाण्यात निकेलची मर्यादा लिटरमागे ३ मिलिग्रॅम आहे. आधी पीएच आणि तापमान वाढवून बाथ वेगळ्या टाकीत स्टील वूलवर मुद्दाम संपवायचा, म्हणजे बरंच निकेल धातूच्या रूपात हाती येतं. उरलेलं द्रावण घातक कचऱ्याच्या नोंदणीत लिहून अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे द्यायचं.